साठ की आठ? कमी ऐकू येणारे कान आणि डिजिटल रेडिओ

आमचे मोठे बाबा रेडिओ इतक्या मोठ्याने लावतात की बाजारभाव ऐकायला शेजाऱ्यांना स्वतःचा सेट काढावा लागत नाही. वय अठ्ठ्याहत्तर. त्यातले वीस-पंचवीस हंगाम मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहण्यात गेलेले. मागच्या हंगामात एका संध्याकाळी त्यांनी ओसरीवरून जाहीर केलं, सोयाबीन चार हजार तीनशे आठ. मग स्वतःच थबकले. "तीनशे आठ असा भाव कुठं राह्यते का बे?"

भाव होता चार हजार तीनशे साठ.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे पाटीवर अजून तसं लिहिलेलं आहे. काम आता मोबाइलचं आणि डिशच्या बॉक्सचं. रेडिओ महिन्याला एखादा येतो, तोही बहुतेक म्हाताऱ्या माणसाचा, आणि तक्रार ठरलेली: आवाज कमी झाला. खोलून बघतो तर सेट ठणठणीत असतो. स्पीकर चांगला, सेल नवे. गिऱ्हाइकाला तोंडावर कसं सांगायचं की सेट बरा आहे, काका, बाकीचं बघा? मोठ्या बाबांनी मात्र मला एकदा नेमक्या शब्दांत सांगितलं होतं. "ऐकू येते बे मले. समजत नाई."

डिजिटल रेडिओ अशा माणसाच्या काय कामाचा, हे कळायला आधी हे वाक्य कळलं पाहिजे.

आपल्या बोलण्यात दोन प्रकारचा माल असतो. आ, ऊ, ओ हे स्वर भरदार. आवाजाची बहुतेक ताकद त्यांच्यात असते आणि ते खालच्या पट्टीत असतात. हवा सेकंदाला किती वेळा थरथरते ते हर्ट्झमध्ये मोजतात. स्वरांचा मोठा हिस्सा हजार हर्ट्झच्या खालीच असतो. स, श, फ, ख, थ ही मंडळी बारीक, कमजोर आणि वरच्या पट्टीतली. 'स'चा बहुतेक जोर चार हजार हर्ट्झच्या वर. शब्द मोठा ऐकू येतो तो स्वरांमुळे, पण कोणता शब्द ते कळतं व्यंजनांमुळे.

आता आतला कान. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते आणि तिच्यात पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी, खालच्या पट्टीच्या अगदी आत, टोकाला. वय होतं तेव्हा आणि मळणीयंत्र, जिनिंगचं मशीन किंवा वरातीतला डीजे कानावर आदळतो तेव्हाही, आधी तोंडाजवळच्या पेशी जातात. माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या कानातून स्वर जात नाही, 'स' जातो. 'साठ'मधून 'स' काढून बघा काय उरतं.

मग आवाज वाढवला की भागेल, असं सगळ्यांना वाटतं. भागत नाही, आणि याची रोजची साक्ष प्रत्येक घरात आहे. आमची वहिनी आधी साध्या आवाजात विचारते, "मामाजी, चहा ठेवू का?" उत्तर नाही. जरा जोरात विचारते. तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडली की मोठे बाबा भडकतात, "कायले इतली बोंबलून राह्यली?" तिला वाटतं म्हातारा मुद्दाम करतो. तो मुद्दाम करत नाही. हलके आवाज टिपण्याची ताकद गेलेली असते, पण मोठा आवाज सोसायची मर्यादा होती तिथेच असते. दोन्हींच्या मधली जागा अरुंद होते. बटण एका रेघेवर असतं तेव्हा काही ऐकू येत नाही आणि पुढच्या रेघेवर कानठळ्या बसतात.

हे झालं कानाचं. आता रेडिओकडून काय येतं ते बघू.

नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे. मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झला, आमच्या भागातल्या कित्येक घरांत तिच्यावरच दिवस उजाडायचा. मध्यम लहरी दूरवर जातात, डोंगर-झाडी फारशी मानत नाहीत, म्हणून मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात एफएम पोचत नाही तिथेही त्या पोचतात. या पोचण्याचं आम्हाला कौतुकही आहे. १९८८ मध्ये आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल सुरू झालं ते नागपूरच्याच एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, रात्री अर्धा देश ऐकायचा.

पण या लहरींवर एका केंद्राला मिळणारी वाट अरुंद असते. आपल्याकडे दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, त्यामुळे साडेचार हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापलं जातं, आणि स्वस्त सेट तर त्याच्याही आधी कापतो. म्हणजे 'स' बिचारा दोनदा मरतो, एकदा सेटमध्ये आणि एकदा कानात. तरुण माणूस संदर्भाने जुळवून घेतो. ज्याच्याकडे आधीच अर्धे तुकडे पोचतात त्याने कशाला काय जोडायचं?

यात भर खरखरीची. पूर्वी ती फक्त विजा कडाडल्या की यायची. आता घरातला एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, सगळे मिळून मध्यम लहरींवर बसलेले असतात. आणि शेतात झटका मशीन. रोही आणि रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत सेकंदाला एकदा झटका सोडणारं ते यंत्र. शेताजवळ रेडिओ लावा, बातमीदाराच्या मागे घड्याळासारखं टक, टक, टक ऐकू येतं.

कापूस वेचताना पाचोळा येतो तसंच हे आहे. एकदा मिसळला की मिसळला. आवाज वाढवणं म्हणजे ढीग मोठा करणं. कापूस दुप्पट झाला की पाचोळाही दुप्पट. निरोगी कान बोलणं आणि खरखर जवळपास सारखी असली तरी वाक्य उचलतो. कमजोर कानाला बोलणं खरखरीच्या बरंच वर लागतं, नाहीतर त्याच्यासाठी सगळा नुसता कल्ला. आणि वर सांगितलेल्या अरुंद जागेमुळे आवाज वाढवायलाही वाव नसतो.

डिजिटल रेडिओ इथे वेगळा वागतो. जुन्या पद्धतीत निवेदकाचा आवाज जसा वरखाली होतो तशी लहरच वरखाली होते. वाटेत जे काही त्या लहरीवर चढेल ते आवाज बनूनच बाहेर येतं, कारण बातमीदार कोणता आणि झटका मशीन कोणतं हे सेटला कळायचा मार्गच नाही. डिजिटल पद्धतीत आवाज स्टुडिओतच सेकंदाला हजारो वेळा मोजतात, आकडे तयार करतात आणि लहरीवरून फक्त आकडे पाठवतात. सेट आकडे वाचून आवाज पुन्हा उभा करतो.

आकड्यांवरही डाग पडतोच. पण त्याचा बंदोबस्त असतो, आणि तो किराण्याच्या चिठ्ठीवर समजतो. साखर ९०, तेल १५०, चहापत्ती ६०, खाली एकूण ३००. घरी येईपर्यंत चिठ्ठीवर तेलाचा डाग पडला आणि मधला आकडा गेला. काही बिघडलं का? तीनशेतून नव्वद आणि साठ वजा करा, दीडशे हजर. डिजिटल रेडिओ असेच हिशेबाचे जादा आकडे सोबत पाठवतो, अर्थात याहून खूप हुशारीने. त्यामुळे खरखर आकड्यांवर येते पण आवाजात शिरत नाही. पाचोळा गाळून वेगळा निघतो. एकाच चिठ्ठीवरचे दोन आकडे गेले तर मात्र हिशेब जमत नाही, आणि हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जगात डिजिटल रेडिओच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. युरोपात डॅब नावाची चालते. नॉर्वेने तर २०१७ मध्ये देशपातळीवरचं एफएम बंद करून सगळं डॅबवर नेलं. आकाशवाणीने निवडली ती डीआरएम, पूर्ण नाव डिजिटल रेडिओ मोंडिअल. तिचा मोठा गुण असा की ती मध्यम लहरींवर चालते, म्हणजे जुन्याच लांब पल्ल्यावर, आणि तेवढ्याच अरुंद वाटेत आवाज जवळपास एफएमइतका स्वच्छ बसवते. शहरात एफएम आहेच. मोठे बाबा राहतात तिथे एफएम सूं सूं करतं. म्हणून ही पद्धत आमच्यासारख्यांच्या कामाची. देशभरात आकाशवाणीचे मध्यम लहरींचे तीसहून अधिक ट्रान्समीटर डीआरएमसाठी तयार झालेले आहेत.

आणि सेट? माझ्या बाकावर आजवर एकही डीआरएम सेट दुरुस्तीला आलेला नाही. यातच उत्तर आलं. सेट थोडे आहेत, महाग आहेत, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही. काही नव्या मोटारींत तो कारखान्यातूनच बसवून येतो, पण गाडीत बसून बाजारभाव ऐकणारा म्हातारा मला अजून भेटायचा आहे. ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाने २०१८ मध्येच डिजिटल रेडिओच्या बाजूने शिफारशी केल्या होत्या. शिफारशीवर स्टेशन लागत नाही.

तरी स्वच्छ आवाजाच्या पलीकडचं एक या पद्धतीत आहे, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. जिथे आकडे जातात तिथे अक्षरंही जातात. डीआरएमवर आवाजाबरोबर मजकूर पाठवता येतो, देवनागरीतसुद्धा. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने बनवलेली जर्नलाइन नावाची सेवा आहे, तिच्यात सेटच्या पडद्यावर बातम्या, हवामान, भाव अशी पानं उलटत वाचता येतात, इंटरनेट नसताना. बाजारभाव असा लिहून आला तर साठ की आठ हा वादच संपला. बहिऱ्यांसाठी रेडिओ हे ऐकायला चेष्टेसारखं वाटतं, पण अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २००८ च्या निवडणुकीच्या रात्री डिजिटल रेडिओवरून चालू कार्यक्रमाचा मजकूर पडद्यावर दाखवून ते करून दाखवलं होतं. बोललेलं वाक्य खाली टाइप होऊन येत होतं.

धोक्याच्या सूचनेचंही तसंच. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेच्या काठच्या गावांना सावध करतात. दवंडी, भोंगा, फोन, सगळं कानावर अवलंबून. ज्याला ऐकू येत नाही तो शेजाऱ्याच्या भरवशावर. डीआरएममध्ये अशी सोय आहे की केंद्राने इशारा सोडला की सुरू असलेला सेट, वेगळं स्टेशन लागलेलं असलं तरी, आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जातो आणि मजकूर पडद्यावर येतो. सेटमध्ये ती सोय पाहिजे आणि केंद्राने ती वापरली पाहिजे, ही अट आहेच.

आता उण्या बाजूही सांगून टाकतो, कारण विकणारा सांगत नाही. पहिली, त्या चिठ्ठीची. जुना रेडिओ सिग्नल कमी झाला की हळूहळू खरखरत जातो, माणूस कान लावून ऐकत राहतो. डिजिटल एका मर्यादेपर्यंत चकचकीत आणि पुढे एकदम मुका. मधलं काही नाही. दुसरी, आवाजाचे आकडे कमी करण्यासाठी जे ऐकू येणार नाही असं मानलं जातं ते गाळतात, आणि ते मानताना हिशेब निरोगी कानाचा धरलेला असतो. एका वाटेत फार वाहिन्या कोंबल्या की 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे येतात. तिसरी, बातम्यांच्या मागे जे ढुमढुम संगीत लावतात ते डिजिटलने जात नाही, उलट तेही स्वच्छ येतं! बोलणं आणि संगीत वेगळं पाठवून ऐकणाऱ्याला बोलणं वर उचलू देणारं तंत्र आलेलं आहे, टीव्हीसाठी ते वापरातही आहे. आपल्या गावात यायचं आहे.

मग तोवर काय? तोवरचं उत्तर बहुतेकांच्या कवेलूंवर आधीच बसवलेलं आहे.

फ्री डिश. दूरदर्शनची, महिन्याचे पैसे न लागणारी छत्री. तिच्यावर टीव्हीच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या रेडिओ वाहिन्या येतात आणि त्या पूर्ण डिजिटल असतात. रिमोटवर बहुतेक वेळा रेडिओचं वेगळं बटण असतं, ज्याला दहा वर्षांत कुणी हात लावलेला नसतो. मी मोठ्या बाबांच्या घरी ते दाबलं तेव्हा वहिनीने विचारलं, चॅनेल बंद पडलं का? पडदा जवळपास रिकामा, फक्त नाव. आवाज मात्र असा की मागे काहीही नाही. खरखर नाही, टकटक नाही.

तरी मोठ्या बाबांना तितकासा फरक पडला नाही. का, ते समजायला मला दोन दिवस लागले. सेट स्वच्छ झाला होता, खोली नव्हती. टीव्ही दहा फुटांवर, वर टिनाचं छप्पर, पंखा, स्वयंपाकघरात मिक्सर. स्वच्छ निघालेला आवाज त्यांच्या कानापर्यंत येईस्तोवर पुन्हा पाचोळ्यातून आला. म्हणून आवाज कानाशी आणायचा. पुष्कळ टीव्हींना मागे किंवा बाजूला हेडफोनचं भोक असतं. कान पूर्ण झाकणारा, गादीवाला साधा वायरचा हेडफोन आणि तीन मीटरची जोडवायर, दोन्ही मिळून खर्च फार नाही. कानात खुपसायचे छोटे इअरफोन म्हाताऱ्यांना देऊ नका, ते निसटतात, आणि निसटले की माणूस आवाज वाढवत बसतो. एका कानाने चांगलं ऐकू येत असेल तर मोबाइलमध्ये ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ सुरू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानाला मिळतो. हेडफोनवर आवाज किती ठेवायचा? शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर जास्त झाला.

मोबाइलवर प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर ॲपमध्येही आकाशवाणीची केंद्रं डिजिटल येतात; नेट पाहिजे, आणि आमच्याकडे पावसात ते आधी जातं. लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं गूगलचं एक ॲप आहे, मराठी निवडून फोन स्पीकरजवळ ठेवला की बोललेलं अक्षरांत उमटतं. बातम्यांची प्रमाण मराठी त्याला बरी जमते. वऱ्हाडीत मुलाखत सुरू झाली की ते जे लिहितं ते वाचून आम्ही घरभर हसतो.

कानाला यंत्र लावणाऱ्यांसाठी आणखी थोडं. यंत्राचा माईक खोलीतलं सगळंच उचलतो, रेडिओही आणि मिक्सरही. पुष्कळ यंत्रांवर टी असं लिहिलेलं एक बटण किंवा सेटिंग असतं. ते केलं की यंत्र माईकऐवजी आतल्या तारेच्या वेटोळ्याने चुंबकीय लहर पकडतं. गळ्यात अडकवायची एक वायरची माळ मिळते, नेकलूप म्हणतात, तिची पिन हेडफोनच्या भोकात जाते आणि आवाज सरळ यंत्रात उतरतो. खोलीचा कल्ला मध्ये येतच नाही. अडचण एकच, मोटार किंवा मीटरच्या पेटीजवळ बसलात तर घुंऽऽ असा आवाज येतो, जागा बदला. पुष्कळ नवी यंत्रं ब्लूटूथवर फोनशी जोडली जातात, त्यांना माळेची गरज नाही.

आणि ज्यांनी यंत्र घेतलंच नाही त्यांनी आधी कान तपासून घ्यावा, रेडिओ नंतर. मी पाहिलेल्यातल्या दोघांचं दुखणं नुसत्या मळाने होतं. गरम तेल ओतू नका, काडी घालू नका. एखाद्या कानाचं ऐकणं एका दिवसात अचानक गेलं तर ते वयाचं समजून घरी बसू नका. कानाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा, अशा वेळी उशीर झाला तर गेलेलं परत यायची आशा कमी होत जाते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं आणि उत्पन्न मर्यादेत असलं तर केंद्राच्या एडिप योजनेत यंत्र फुकट किंवा कमी पैशांत मिळू शकतं. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयात होतं. मिळालेलं यंत्र कपाटात ठेवू नका. पहिले काही आठवडे भांडी, पावलं, कागद सगळंच टोचतं, कारण मेंदू तो आवाज विसरलेला असतो. पुन्हा जाऊन ते यंत्र नीट लावून घ्या, एका फेरीत ते बरोबर बसत नाही.

मोठे बाबा आता संध्याकाळी हेडफोन लावून ओसरीच्या खांबाला टेकून बसतात, वायर उंबऱ्यावरून आत गेलेली. भाव बरोबर सांगतात. सातांतून पाच-सहा वेळा म्हणा. जुना ट्रान्झिस्टर मी भंगारात काढायला मागितला तर दिला नाही. तो शेतातल्या बंगईला टांगलेला आहे. रात्री जागलीला गेले की तो मध्यम लहरींवर लावतात, कोणतंच स्टेशन नसलेल्या जागी, आणि कानाजवळ धरतात. टकटक ऐकू आली की झटका मशीन सुरू आहे, रोही येत नाहीत.